दुसरा मंगळवार

महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. तिकडे हिवाळा असेल तर साडेअकरा. त्या सुमाराला वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडहून मायक्रोसॉफ्ट आपल्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या चुका जाहीर करते आणि त्यांच्या दुरुस्त्याही खुल्या करते. प्रत्येक चुकीला क्रमांक असतो, ती किती गंभीर आहे याचा शेरा असतो, आणि पॅच कुठून घ्यायचा ते दिलेलं असतं. जग त्याला ‘पॅच ट्यूसडे’ म्हणतं. आमच्या बँकेत नुसतं ‘मंगळवार’ म्हणतात आणि काम बुधवारी सुरू होतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेचा संगणक विभाग सांभाळते. माझ्या हाताखाली आलेल्या मुलामुलींना हा मंगळवार एकादशी-चतुर्थीसारखा पंचांगातूनच आला असावा असं वाटतं. पण तो माणसांनी, आणि बऱ्याचशा नाइलाजानं, ऑक्टोबर २००३ मध्ये ठरवला. तो का ठरवावा लागला, ही एका कंपनीनं गमावलेला विश्वास परत मिळवण्यासाठी केलेल्या वीस-बावीस वर्षांच्या खटपटीची हकिगत आहे. ती सांगणारे बहुतेक जण बिल गेट्स यांच्या एका पत्रापासून सुरुवात करतात. मला विचाराल तर पत्र लिहिणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता.

पत्राच्या आधीची गोष्ट म्हणजे एन या अक्षराची रांग. २००१ च्या पावसाळ्यात मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये होते. आमचा वेब सर्व्हर लिनक्सवर चालायचा, विंडोजशी त्याचा संबंध नव्हता. तरी त्याच्या लॉगमध्ये एकच विनंती पुन्हा पुन्हा उमटायला लागली: ‘डीफॉल्ट डॉट आयडीए’, पुढे प्रश्नचिन्ह, आणि मग एन, एन, एन असे दोनशे चोवीस एन. त्यानंतर काही अगम्य आकडे. कोणी तरी जगातल्या प्रत्येक दाराची कडी वाजवत निघालं होतं आणि आमचीही वाजवून जात होतं.

ते ‘कोड रेड’ होतं, आपोआप पसरणारा वर्म जातीचा व्हायरस. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये आलेला मजकूर ठेवायला जेवढी जागा राखली होती, तेवढ्यातच तो मावतो का हे कोणी तपासत नव्हतं. एनची रांग ती जागा भरून टाकायची आणि मागून येणारे आकडे शेजारच्या जागेत सांडायचे. संगणक तिथं पुढचा हुकूम वाचायला यायचा आणि मालकाऐवजी व्हायरसचा हुकूम पाळायचा. या चुकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १८ जून २००१ लाच दिली होती. १९ जुलैला चौदा तासांच्या आत सुमारे ३ लाख ५९ हजार संगणकांना लागण झाली.

यातले कितीतरी मालक मुळात वेब सर्व्हर चालवतच नव्हते, निदान त्यांची तशी समजूत होती. विंडोज २००० सर्व्हर बसवला की आयआयएस न मागता सोबत बसायचा आणि चालूही व्हायचा. मायक्रोसॉफ्टची तेव्हाची रीतच ती. सगळं द्यायचं, सगळं चालू ठेवून द्यायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला काही शोधावं लागत नाही. वर्डच्या फाइलमधला मॅक्रो, ईमेलला जोडून आलेली स्क्रिप्ट, सगळं एका क्लिकवर चालायचं. १९९९ चा ‘मेलिसा’ आणि मे २००० मध्ये मनिलाहून सुटलेला ‘आय लव्ह यू’ हे दोन्ही या सोयीच्या जिवावर जगभर हिंडले.

१८ सप्टेंबर २००१ ला ‘निमडा’ आला. न्यूयॉर्कचे मनोरे पडून जेमतेम आठवडा झाला होता. गार्टनर या सल्लागार संस्थेनं त्याच महिन्यात ज्यांना या व्हायरसांचा फटका बसला त्या कंपन्यांना सांगितलं, आयआयएसऐवजी दुसरं काही बघा. हा घाव धंद्यावर होता. ऑक्टोबरमध्ये मोठ्या थाटात बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीतही डिसेंबरात असं भोक सापडलं, की वापरणाऱ्यानं काहीही न करता बाहेरचा माणूस संगणकाचा ताबा घेऊ शकेल.

मग १५ जानेवारी २००२ ला गेट्स यांनी कंपनीतल्या सगळ्यांना ते पत्र पाठवलं. विषय ‘ट्रस्टवर्दी कॉम्प्युटिंग’. संगणक हाताशी असला पाहिजे, सुरक्षित असला पाहिजे आणि माणसाची खासगी माहिती त्याच्याच मुठीत राहिली पाहिजे, असं त्याचं सूत्र. वीज, पाणी आणि टेलिफोन यांच्यावर लोक जितके निर्धास्त विसंबतात, तितके संगणकावर विसंबले पाहिजेत, असंही त्यात होतं. भारनियमनाचं वेळापत्रक आणि टँकरची वेळ पाठ असलेल्या आमच्या मुलखात या दाखल्याला कोणी हसलं असेल तर त्याला दोष देता येणार नाही. पण पत्रातला कामाचा मुद्दा वेगळा होता: नवी सोय द्यायची की सुरक्षेची अडचण सोडवायची असा पेच पडला, तर सुरक्षा निवडा. सोयींवर वाढलेल्या कंपनीच्या मालकानं हे लिहिणं मोठं खरं. मात्र असं लिहून कोणाचा विश्वास परत येत नसतो.

विश्वासाचं काम सुरू झालं फेब्रुवारीत, आणि तेही नेहमीचं काम थांबवून. विंडोजवरच्या सुमारे साडेआठ हजार इंजिनिअरांनी नव्या कामाला हात लावायचा नाही, असं ठरलं. आधी सगळ्यांना वर्गात बसवलं. मायकेल हॉवर्ड आणि डेव्हिड लब्लाँ या कंपनीतल्याच दोघांचं सुरक्षित कोड कसा लिहावा यावरचं पुस्तक नुकतंच आलं होतं, ते हातोहाती गेलं. मग प्रत्येक गटानं आपापला जुना कोड काढून वाचायचा. वाचताना सहा प्रश्न: इथं कोणी दुसऱ्याचं सोंग घेऊ शकेल का? आलेल्या माहितीत फेरफार करू शकेल का? केलेलं नाकारू शकेल का? गुपित बाहेर काढू शकेल का? सेवा बंद पाडू शकेल का? आपल्या पायरीपेक्षा वरचे अधिकार मिळवू शकेल का? चोराच्या डोक्यानं विचार करायची ही पद्धत पुढं सगळ्या उद्योगानं उचलली.

महिनाभराचं काम दोन महिन्यांवर गेलं. खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं तेव्हा छापून आलं होतं. नवा सर्व्हर लांबला आणि २४ एप्रिल २००३ ला ‘विंडोज सर्व्हर २००३’ म्हणून बाहेर पडला. त्यात आयआयएस आपोआप बसत नव्हता. हवा असेल त्यानं मुद्दाम बसवायचा. माझ्या दृष्टीनं त्या सगळ्या वर्षातला सगळ्यात मोलाचा बदल हा होता. सुरक्षेवरचं भाषण ग्राहकाला ऐकू येत नाही. न मागितलेली गोष्ट बंद आहे, हे त्याला न सांगताही लाभतं.

पण जुनी घाण इतक्यात निघणार नव्हती. पत्राला वर्ष होऊन दहा दिवस झाले आणि २५ जानेवारी २००३ ला, शनिवारी, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले असताना ‘स्लॅमर’ सुटला. अवघ्या ३७६ बाइट्सचा. दर साडेआठ सेकंदांनी तो दुप्पट होत गेला आणि दहा मिनिटांत, ज्यांना लागण होऊ शकत होती त्यातल्या नव्वद टक्के संगणकांपर्यंत पोचला. त्याची दुरुस्ती सहा महिन्यांपूर्वीच, जुलै २००२ मध्ये, दिलेली होती. तरी खुद्द मायक्रोसॉफ्टच्या आतल्या नेटवर्कलाही त्याची झळ बसली. ज्यांनी पॅच लिहिला त्यांच्याच सगळ्या संगणकांवर तो बसलेला नव्हता, तर सातारा-सांगलीच्या बँकांना कोणी काय म्हणावं?

आणि त्याच वर्षी ११ ऑगस्टला ‘ब्लास्टर’. तो ज्यांनी पाहिला त्यांना त्याची खिडकी अजून डोळ्यांसमोर दिसत असेल. इंटरनेट जोडायचा अवकाश, पडद्याच्या मधोमध एक करडी चौकट यायची: आरपीसी नावाची सेवा अचानक बंद पडली आहे, काम जतन करून घ्या, संगणक बंद होतो आहे. खाली घड्याळ: साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. शून्य झालं की संगणक बंद होऊन पुन्हा सुरू. पुन्हा इंटरनेट जोडा, पुन्हा चौकट. पॅच उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेट जोडलं की मिनिटभरात सगळं बंद, असा तिढा. सुटका एका ओळीत होती. स्टार्ट, रन, आणि तिथं ‘शटडाउन’, मध्ये जागा, मग डॅश आणि ए. घड्याळ थांबायचं. ही ओळ तेव्हा हार्डवेअरवाल्यांच्या तोंडी मंत्रासारखी झाली होती. ज्यांना कमांड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तेही ती फोनवर एकमेकांना अक्षर-अक्षर सांगत होते.

त्या व्हायरसच्या पोटात गेट्स यांना उद्देशून एक ओळ होती: पैसे कमावणं थांबवा आणि सॉफ्टवेअर दुरुस्त करा, अशा अर्थाची. शिवाय १६ ऑगस्टला विंडोज अपडेटच्या पत्त्यावरच हल्ला करायची सूचनाही त्यात होती. मायक्रोसॉफ्टनं तो पत्ताच काढून टाकला. तो नुसता पुढं ढकलणारा दुय्यम पत्ता होता, म्हणून निभावलं. सगळ्यात झोंबणारी गोष्ट अशी, की दोन महिने काम थांबवून तपासलेल्या सर्व्हर २००३ मध्येही मुळातली ती चूक होती.

तारखा शेजारी शेजारी मांडल्या की खरं दुखणं दिसतं. निमडानं वापरलेल्या एका चुकीची दुरुस्ती आली ती तारीख आणि निमडा, यांत अकरा महिने होते. स्लॅमरच्या वेळी सहा महिने. ब्लास्टरच्या वेळी २६ दिवस. २००४ च्या एप्रिलअखेर ‘सॅसर’ आला तेव्हा सतरा. पॅच आला की हल्लेखोर तो उलगडून बघतात, आधीचा आणि नंतरचा कोड ताडून पाहतात आणि भोक नेमकं कुठं होतं ते ओळखतात. म्हणजे दुरुस्ती जाहीर करणं हेच चोराला पत्ता देणं, आणि न करणं ही ग्राहकाची फसवणूक. मार्ग एकच, ग्राहकानं चोराच्या आधी पोचायचं.

ग्राहक मात्र दमला होता. २००० साली मायक्रोसॉफ्टनं शंभर सुरक्षा पत्रकं काढली होती, २००२ मध्ये बहात्तर. सरासरी पाच दिवसांना एक, आणि कुठल्या वारी येईल याचा भरवसा नाही. आमच्यासारख्या बँकेत तर प्रत्येक पॅच म्हणजे प्रश्न: हा बसवल्यावर लेजरचं सॉफ्टवेअर चालेल ना? छपाई यंत्र रुसणार नाही ना? पासबुकातली ओळ सरकली तरी काउंटरवर भांडण होतं. त्यामुळे ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे साहेबांचं धोरण होतं आणि बऱ्याच जागी तेच शहाणपण समजलं जायचं.

ऑक्टोबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी न्यू ऑर्लिन्सच्या एका परिषदेत जाहीर केलं, की यापुढं अगदी तातडीचा प्रसंग सोडला तर पॅच महिन्यातून एकदाच निघतील. वार ठरला दुसरा मंगळवार. सोमवारी लोक सुट्टीत तुंबलेलं काम उपसतात, म्हणून सोमवार नको. आठवड्याच्या शेवटी काही बिघडलं तर दुरुस्तीला माणूस नसतो, म्हणून शुक्रवार नको. मंगळवारी घेतलं की निस्तरायला तीन दिवस हाताशी राहतात. यात तंत्रज्ञान काहीच नाही. पॅच बसवणारा हा पगारावर राबणारा, साहेबांची परवानगी घ्यावी लागणारा, रविवारी घरी जाऊ पाहणारा माणूस आहे, हे कोणाच्या तरी लक्षात आलं, एवढंच.

हा मंगळवार आमच्याकडे कसा आला ते सांगते, कारण इतिहास असाच घडतो. बुधवारी मुख्य कचेरीतल्या दोन जुन्या पीसींवर पॅच बसवायचे आणि त्यावर दिवसभर खोटे व्यवहार घालून डे-एंड काढून बघायचा. गुरुवारी एक शाखा. ती नेहमी मुख्य कचेरीजवळची, म्हणजे बोंब झाली तर चालत जाता येईल. सगळं ठीक तर सीडी लिहायच्या. काही शाखांची लाइन एवढी कासवगतीची, की त्यावरून पॅच पाठवणं अशक्य. मग सीडी जाड लिफाफ्यात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि शाखेत फोन करायचा: ‘चारच्या गाडीनं येतंय, शिपायाला स्टँडवर पाठवा.’ शनिवारी अर्ध्या दिवसाची कॅश टॅली झाली की शाखेतला एखादा हुशार क्लार्क फोन कानाला लावून आम्ही सांगू तसं बसवायचा. या पद्धतीत पॅच महिन्यातून एकदा आला तरच निभतं. तो दर पाच दिवसांनी आला असता, तर एसटीच पुरली नसती.

ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. त्यासाठी कंपनीनं पुढच्या विंडोजवरची माणसं काढून इकडे लावली होती. पत्रातला पेच इथं खरोखर पडला आणि निवड सुरक्षेची झाली. फायरवॉल आता आपोआप चालू. पॅक अडीचशे एमबीच्या वर. आमच्या डायल-अपवर उतरवायचा म्हटला तर पूर्ण रात्र घालूनही सकाळी उरलाच असता. आम्ही तो संगणक मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून घेतला. त्याच वर्षी सुरक्षा तपासणी हा कंपनीत सॉफ्टवेअर तयार करण्याच्या प्रक्रियेचा सक्तीचा भाग झाला. पाहणी पार पडल्याशिवाय माल बाहेर नाही. पुढं ती सगळी पद्धत कंपनीनं इतरांना वापरायला मोकळी करून दिली. २००५ पासून ‘ब्लूहॅट’ नावानं, ज्यांना पूर्वी शत्रू समजलं जायचं ते हॅकर रेडमंडला पाहुणे म्हणून यायला लागले, आणि २०१३ मध्ये संरक्षण भेदायची नवी युक्ती दाखवणाऱ्याला एक लाख डॉलरपर्यंत बक्षीसही सुरू झालं.

सगळंच सरळ गेलं नाही. २००७ च्या व्हिस्टामध्ये प्रत्येक कामाआधी ‘परवानगी आहे का?’ विचारणारी चौकट आली. हेतू चांगला, पण चौकटी इतक्या, की लोक न वाचता ‘हो’ दाबायला शिकले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ती वरचेवर येणं कमी करावं लागलं.

आपल्याकडचा घोळ आणखी निराळा होता. पेठेत असेंबल करून घेतलेल्या पीसीवर विंडोज बहुधा कॉपीच असायचं आणि देणारा निघताना सांगून जायचा, ‘अपडेट बंद ठेवा, नाहीतर पडदा काळा होईल.’ यात तथ्य होतं. परवाना खरा की खोटा हे तपासणारा प्रोग्राम त्याच अपडेटच्या वाटेनं यायचा, आणि २००८ मध्ये तो नकली प्रतीचा डेस्कटॉप खरंच काळा करू लागला. सुरक्षेचे पॅच नकली प्रतीलाही मिळत होते, पण लोकांनी वाटच बंद केली. त्या वर्षी २३ ऑक्टोबरला मंगळवारची वाट न पाहता एक तातडीचा पॅच निघाला आणि महिनाभरात ‘कॉन्फिकर’ आला. अपडेट बंद असलेल्या संगणकांत तो नेटवर्कवरून शिरला, मग पेनड्राइव्हवरूनही. कंपनीला आपला महसूल राखायचा हक्क होता. पण ज्या हातानं दुरुस्ती येते त्याच हातानं झडती येणार असेल, तर माणूस दार उघडत नाही. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांचा व्याप याच काळात वाढला. रहिमतपूरच्या काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरू केलेला हा व्यवसाय. विंडोजच्या भोकांवर महाराष्ट्रातही रोजगार उभे राहिले ते असे.

एक्सपीचा आधार कंपनीनं काढला तो ८ एप्रिल २०१४ ला, दुसऱ्या मंगळवारीच. त्याच वर्षी सप्टेंबरात आणखी एक गोष्ट झाली, तिची दखल आमच्या धंद्याबाहेर फारशी कोणी घेतली नाही. बारा वर्षं चालवलेला ट्रस्टवर्दी कॉम्प्युटिंग हा स्वतंत्र विभाग मोडून त्यातली माणसं इतर विभागांत वाटून टाकली. सुरक्षा आता सगळ्यांचीच झाली, वेगळा विभाग कशाला, असं त्यामागचं गणित. जे काम सगळ्यांचं होतं ते कोणाचंच राहत नाही, हे कुठल्याही सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला बसलेला सभासद सांगेल.

दोन वर्षांत विंडोज १० चं प्रकरण झालं. फुकट मिळणाऱ्या या नव्या विंडोजची जाहिरात अपडेट म्हणून येऊ लागली, आणि मे २०१६ मध्ये तर चौकटीच्या कोपऱ्यातली फुली दाबणं म्हणजेही संमती धरली गेली. ज्या वाटेवर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून दहा-बारा वर्षं घालवली, तिच्यावरून विक्री झाली. आमच्या शाखांतून फोन आले, तेव्हा मी जे ‘अपडेट कधी बंद करू नका’ म्हणून सगळ्यांना बजावलं होतं, त्याचं समर्थन करणं मला जड गेलं.

आणि मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’. त्याचा पॅच १४ मार्चला, नेहमीप्रमाणे मंगळवारी, आलेला होता. ज्यांनी बसवला ते वाचले. कंपनीनं त्या वेळी तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला, हे तिच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. जूनअखेर ‘नॉटपेट्या’नं मर्स्क या जहाज कंपनीला आडवं केलं, तेव्हा आपल्या न्हावाशेवाच्या बंदरातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं आणि कंटेनरचा हिशेब हातानं मांडावा लागला. पुढच्या वर्षी ऑगस्टात पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्या हल्ल्याचा आणि विंडोजच्या पॅचचा संबंध नव्हता, पण त्या आठवड्यापासून आमच्या संचालक मंडळाच्या सभेत संगणक विभागाचा विषय चहाच्या आधी यायला लागला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं एटीएममधली जुनी विंडोज जून २०१९ पर्यंत बदलायला सांगितली आणि नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली.

शेवटचा अध्याय ताजा आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात चीनशी संबंध असलेल्या हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टची एक डिजिटल सही करायची किल्ली मिळवली आणि तिच्या जोरावर अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री, चीनमधले राजदूत अशा पाचशेहून अधिक लोकांची ईमेल वाचली. किल्ली २०१६ मधली होती, मार्च २०२१ मध्येच बाद व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण किल्ल्या हातानं बदलताना त्या साली क्लाउडची मोठी सेवा बंद पडली होती आणि तेव्हापासून बदलणंच थांबवलं होतं. गेट्स यांच्या पत्रातली दोन सूत्रं, सेवा अखंड हवी आणि ती सुरक्षित हवी, समोरासमोर आली आणि या वेळी पहिलीला झुकतं माप मिळालं. चोरी उघडकीला आणली ती परराष्ट्र खात्यानं. त्यांनी ‘बिग येलो टॅक्सी’ नावाचा एक इशारा स्वतः बसवून ठेवला होता, आणि त्यासाठी लागणाऱ्या सविस्तर नोंदी त्यांना मिळत होत्या कारण त्यांनी महागडा परवाना घेतला होता. स्वस्त परवानेवाल्यांना या नोंदी दिसतच नव्हत्या; टीका झाल्यावर कंपनीनं त्या सर्वांना खुल्या केल्या.

अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळाचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. चोरी टाळता आली असती, कंपनीची सुरक्षेबाबतची वृत्ती अपुरी होती, असा स्पष्ट ठपका त्यात आहे. किल्ली कशी गेली याबद्दल कंपनीनं सप्टेंबरात केलेलं विधान चुकीचं असावं हे तिला नोव्हेंबरात कळलं होतं, तरी दुरुस्ती मार्चपर्यंत केली नाही, हेही मंडळानं नोंदवलं. आणि मंडळानं कंपनीला आठवण करून दिली ती कशाची? २००२ च्या त्या पत्राची. महिन्याभरात, ३ मे २०२४ ला, हैदराबादहून गेलेले कंपनीचे प्रमुख सत्या नडेला यांनी कर्मचाऱ्यांना नवं पत्र लिहिलं. सुरक्षा आणि दुसरं काही यात निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा. बावीस वर्षांनी तोच आदेश, तेवढ्याच ठामपणे.

म्हणून मला पत्रांचं कौतुक थोडं कमी वाटतं. पत्र दोनदा लिहावं लागलं. मंगळवार मात्र एकदाच ठरवला आणि तो अजून चालू आहे. कोण प्रमुख आहे, शेअरचा भाव काय, यानं त्याच्यात खंड पडला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तोही दुसराच मंगळवार. कंपनीनं जिथं जिथं विश्वास कमावला तिथं तारीख, यादी आणि कबुली होती. जिथं जिथं गमावला तिथं ठरलेलं काम कोणी तरी गुपचूप थांबवलं होतं किंवा त्याच वाटेनं दुसरंच काही पाठवलं होतं.

यातून मी माझ्यापुरता एक नियम काढला आहे. आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर विकायला कोणी आलं, की ‘तुमचं सुरक्षित आहे का?’ हे मी विचारत नाही. मी विचारते, ‘शेवटची चूक कधी सापडली, कोणी दाखवली आणि ग्राहकांना कळवायला किती दिवस लागले?’ अलीकडेच एकानं छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘मॅडम, आमच्यात चूक निघालीच नाही कधी.’ त्याला चहा देऊन वाटेला लावलं. दुसऱ्यानं थोडं अवघडत का होईना, तारखांसकट दोन पानी यादी काढून दिली. त्याची किंमत जास्त आहे. संचालकांपुढं मी त्याचीच फाइल ठेवली आहे, यादी वर लावून.